मुली न टिकणारं घर

होळी होऊन गेली की मला अजूनही भीती वाटायला लागते. हे मी कोणाला सांगत नाही. या वयात सांगायचं तरी काय? बाहेर सगळं चांगलंच चाललेलं असतं. शेतांतून गहू निघालेला असतो, दुपारच्या वाऱ्याला भुशाचा वास असतो, कडुलिंबांना तांबूस पालवी फुटलेली असते. आम्हां मराठी लोकांचा फाल्गुन सरायचा असतो आणि इथल्यांचा चैत्र लागलेला असतो. त्या दोन पंचांगांच्या मधल्या फटीत शीतला सप्तमी येते.

उद्या ती आहे. उज्जैनच्या नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीत दुपारपासून तळणीचा वास भरून राहिला आहे. उद्या इथे कोणी चूल, म्हणजे आता गॅस, पेटवणार नाही. आज केलेलं उद्या गार खायचं. शेजारची सून मघाशी ताट झाकून देऊन गेली, पुऱ्या, गुलगुले, दह्यातला भात. गेल्या वर्षी तिच्या मुलीनं माझ्या गालांकडे निरखून बघत विचारलं होतं, दादी, तुम्हाला लहानपणी पिंपल्स फार यायचे का? मी हो म्हटलं. देवीचे व्रण ओळखणारी माणसं आता फारशी उरली नाहीत आणि ते चांगलंच आहे. ती पोर खेळायला पळाली. मी मात्र आरशासमोर जाऊन बराच वेळ बसून राहिले.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही उज्जैनला आलो. बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात कारकून होते. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या मध्य प्रदेशाचे नोकरदार दोन्हीकडे वाटले गेले. बाबा नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले. आई यवतमाळकडची. तिला हे वाटप शेवटपर्यंत पटलं नाही. "आपण काय भांडी हाओत का वाटून घ्याले?" असं ती सामान बांधताना सारखी म्हणायची. बाबांचं चित्त दुसरीकडेच असे. नवे साहेब, नवे नियम, ज्येष्ठतेच्या यादीत आपण वर लागणार की तळाला, याची त्यांना धास्ती होती. ते ऑफिसातून परत आले की आधी चपला नीट जुळवून ठेवत, जणू कोणी तपासायला येणार आहे.

घर मिळालं माधवनगरात. संस्थानी काळात कोणा व्यापाऱ्यानं बांधलेली घरांची एक रांग होती. एकाला एक चिकटलेली घरं, दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गच्ची, मध्ये गुडघ्याएवढे कठडे. आमचं घर बरोबर मधलं. पूर्वीची माणसं सोडून गेल्यामुळे ते सरकारच्या ताब्यात आलं होतं. पुढे ओटा आणि एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. या दोन्हींच्या मध्ये एक खोली होती, जिला खिडकी नव्हती. असणार कशी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत गेलं की डोळ्यांना काही दिसायला वेळ लागे. त्या अंधारात भिंतीपलीकडचे आवाज मात्र स्पष्ट यायचे. कोणी खोकलं, कोणी पाटा ओढला, कोणी लहान मूल रडलं, की ते आपल्याच खोलीत रडलं असं वाटे. भिंतीवर अगदी खाली, माझ्या कमरेच्याही खाली, चुन्याच्या आतून उर्दू अक्षरं ओरखडलेली दिसत. आई म्हणाली, हा काहीतरी मंत्र असेल, हात लावू नको. माझं अंथरूण त्याच खोलीत पडायचं.

डावीकडच्या घरात धापूबाई राहायच्या. इथल्याच, माळव्याच्या. नवरा टांगा हाकायचा. पहिल्या दिवशी आमच्या घरात पाणी त्यांनीच भरून दिलं. आईला मोडकंतोडकं हिंदी यायचं, पण धापूबाईंची माळवी तिच्या डोक्यावरून जाई. मी शाळेत जाऊन महिन्या-दोन महिन्यांत ती बोली उचलली होती, त्यामुळे दोघींच्या मध्ये मला बसवलेलं असायचं. तशीच एकदा मी बसले होते. आई गहू निवडत होती. धापूबाई माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "अणी घर में छोरी नी टिके. दो गी."

त्यांनी जे म्हटलं ते मला आईला मराठीत सांगायचं होतं. या घरात मुली टिकत नाहीत, दोन गेल्या. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली भीती वेगळी असते. ही माझ्या तोंडातून बाहेर पडली, माझ्या आवाजात. आईचा हात सुपात थांबला. मग म्हणाली, "गेल्या म्हणजे काय झालं? मेल्या का गावाले गेल्या, ते विचार तिले."

धापूबाईंना नीट माहीत नव्हतं. आधी एक उर्दूचे मास्तर होते, ते स्वातंत्र्याच्या वर्षी एका संध्याकाळी पोरीला घेऊन टांग्यातून गेले, त्यानंतर कोणी त्यांना पाहिलं नाही. त्यांच्यामागून सिंधी निर्वासित आले. त्यांची पोर मातेनं नेली असं म्हणतात, पण साथीच्या भीतीनं धापूबाई तेव्हा गावी निघून गेल्या होत्या. माता म्हणजे आपल्याकडच्या देवी. पुढे घराला बरेच दिवस कुलूप होतं आणि आता आम्ही आलो होतो. घरात मुलगी मी एकटीच.

त्या दिवसापासून मला रात्री झोप येईना. मला वाटे, त्या दोघी इथेच आहेत आणि त्यांना जागा हवी आहे. मी अंथरुणाच्या अगदी कडेला, जमिनीवर अर्धी उतरून झोपायची. पाय पोटाशी घ्यायची. दोघींना पुरेल एवढी जागा सोडायची. त्यांनी रागावू नये, एवढंच मला हवं होतं. शाळेत परीक्षा जवळ आल्या होत्या, पाढे पाठ करताना मी शेवटी नावं माहीत नसलेल्या त्या दोन मुलींसाठी देवाला हात जोडायची आणि पुन्हा पाढे पहिल्यापासून सुरू करायची, कारण मध्येच थांबले तर काही होईल असं वाटे.

आईनं बाबांना घर बदलायला सांगितलं. बाबा म्हणाले, सरकारनं दिलेलं घर नाकारलं तर दुसरं मिळणार नाही, वर नाव खराब होईल ते वेगळंच. आई भांडली नाही. "मग मले विचारत फिरू द्या," एवढंच म्हणाली. गावात देवीच्या साथीची कुजबुज सुरू झाली होती. लहानपणी मला देवी काढल्या होत्या, म्हणजे लस टोचली होती, पण ती उठलीच नव्हती. माझ्या दंडावर वण नव्हता, आणि आई येताजाता त्या दंडाकडे बघायची.

आता विचार केला तर आश्चर्य वाटतं. अंगारे धुपारे करणारी बाई ती, सहज एखाद्या भगताकडे गेली असती. पण तिला दृष्ट काढायची नव्हती. तिला त्या दोन मुलींचं काय झालं हे नक्की कळायला हवं होतं. शाळा सकाळची होती. दुपारी धापूबाईंच्या नवऱ्याचा टांगा रिकामा असला की आई मला घेऊन निघायची.

मास्तरांच्या घरी एक बांगड्या भरणारी यायची असं धापूबाईंना आठवत होतं. ती आम्हाला जुन्या शहरात, गोपाळ मंदिरामागच्या गल्लीत सापडली. तोंडात पान, पुढ्यात काचेच्या बांगड्यांचे लालहिरवे ढीग. मी मास्तरांच्या मुलीचं विचारलं. बाई हसली. म्हणाली, मास्तर घाबरट होते बिचारे. त्या वर्षी एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कोणीतरी दगड टाकला आणि दुसऱ्या संध्याकाळी ते निघाले. चुलीवरची भांडी तशीच. पण फार लांब गेले नाहीत. भोपाळला सासुरवाडी आहे, तिथेच राहिले. माझी बहीण त्याच मोहल्ल्यात असते. मास्तरांची पोरगी शाळेत जाते, तुझ्यापेक्षा उंच आहे. भिंतीवर अलिफ-बे गिरवायची, म्हणून आईच्या हातचा मार खायची.

मी हे आईला सांगितलं तेव्हा आईनं तिथेच गल्लीत बसकण मारली. मग तिनं माझे दोन्ही हात पुढे केले आणि हिरव्या बांगड्या भरायला सांगितल्या. "नाव काय तिचं?" तिनं स्वतः हिंदीत विचारलं. नसीम, बाई म्हणाली. परतीच्या टांग्यात आई दोनदा ते नाव स्वतःशी पुटपुटली. त्या रात्री मी अंथरुणात एकीचीच जागा सोडली.

दुसरीची चौकशी करायला आई धजत नव्हती. चार दिवस ती काही ना काही काम काढत राहिली. मग एका दुपारी न बोलता तिनं डोक्यावर पदर घेतला. निर्वासितांची वस्ती गावाबाहेर होती, पत्र्याची आणि कच्च्या विटांची. एका दारात एक उंच बाई खाटेवर पापड वाळत घालत होती. तिचं नाव जमना. चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. माधवनगरातल्या त्या घरात राहणारी तीच, असं शेजारच्यांनी बोटानं दाखवलं. आई माझ्या मागे उभी राहिली. तिनं मला खांद्याला धरून पुढे केलं, पण विचार असं म्हणाली नाही. मीच कशीबशी बोलले, "आपकी लड़की... उस घर में..."

जमनाबाईंनी हातातला पापड खाटेवर ठेवला. "हाँ," त्या म्हणाल्या. "बीच वाले कमरे में. माता आई थी." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तू वहीं सोती है?"

आईनं माझा हात धरला आणि जवळजवळ ओढतच टांग्यापर्यंत नेलं. सगळ्या वाटेत तिनं हात सोडला नाही. नव्या बांगड्यांपैकी दोन पिचल्या, तरी सोडला नाही. घरी आल्याबरोबर तिनं माझं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं.

त्याचा उपयोग झाला नाही. शीतला सप्तमीच्या दिवशी सकाळी सगळी रांग गार जेवण जेवत होती, आणि मला ताप भरला. मग पाठ मोडल्यासारखी दुखू लागली, मग पुरळ. आईनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, बघितलं आणि एकदम तिचा हात मागे गेला. पुन्हा तिनं तो पुढे आणला, पण तो मागे गेलेला मी पाहिला होता.

इतकी भीती मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवली नाही, नवऱ्याच्या आजारपणातही नाही. उजेड डोळ्यांत घुसत होता म्हणून मला मधल्या खोलीतच न्यावं लागलं. मला ओरडायचं होतं की तिथे नको, पण घशातही फोड आले होते. दारावर कडुलिंबाचे डहाळे आले. घरात फोडणी बंद झाली. गच्चीवर पोरांचं धावणं थांबलं. भिंतीपलीकडचे आवाजसुद्धा हळू झाले आणि ते ऐकू येत नाहीत म्हणून मला आणखी भीती वाटू लागली. मी पडल्या पडल्या नसीमचं नाव घ्यायची, कारण ती जिवंत होती. दुसरीचं नाव मला माहीत नव्हतं आणि ते कोणी सांगू नये असं वाटत होतं. माझं अंग सुजलं होतं, कडेला सरकता येत नव्हतं. तिची जागा मी अडवून बसले होते.

बाबांनी त्या दिवसांत एक गोष्ट केली. साथीचा रोगी घरात आहे हे लपवायची तेव्हा पद्धत होती, कारण रोग्याला गावाबाहेर नेऊन ठेवतील असं सगळ्यांना वाटे. इतके भित्रे बाबा, पण ते स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन सांगून आले आणि लस टोचणाऱ्यांना घेऊन आले. रांगेतली माणसं चिडली, काहींनी दारं उघडली नाहीत. बाबा प्रत्येक दारापाशी उभे राहून हात जोडत होते. शेवटी सगळ्या पोरांना देवी काढल्या गेल्या. पुढे त्या रांगेत आणखी कोणाला काही झालं नाही. डॉक्टरांनी मला घरीच, वेगळं ठेवायची परवानगी दिली.

आई किती रात्री झोपली नव्हती, कोण जाणे. एका सकाळी दारात कोणीतरी आलं. आवाज ओळखीचा वाटला. जमनाबाई होत्या. धापूबाईंना नातवंडं होती, त्यांची आत यायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी नवऱ्याला टांगा घेऊन वस्तीवर पाठवलं होतं. आई दारात आडवी उभी राहिली. तिनं चक्क मराठीत सांगितलं, तुम्ही येऊ नका. तिला काय वाटलं असेल ते मला कळतं. ज्या बाईची मुलगी त्या खोलीत गेली, तीच बाई दारात उभी होती.

जमनाबाई रागावल्या नाहीत. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या म्हणाल्या, "अदी, मुझे बचपन में हो चुकी है. अब मुझे नहीं लगेगी. तू थोड़ा सो जा."

आई बाजूला झाली. जमनाबाई मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या. मला सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती. ती पावलं हलेनात. एक हात चौकटीवर होता आणि काकणं बारीक बारीक वाजत होती. या मोठ्या बाईला या खोलीची भीती वाटते आहे, माझ्यासारखीच, हे मला त्या तापातही समजलं. मग त्या आत आल्या आणि माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

त्या रोज यायच्या. मी खाजवू नये म्हणून त्यांनी माझ्या हातांना मऊ फडकी बांधली. कडुलिंबाची कोवळी डहाळी अंगावरून हलकेच फिरवत राहायच्या. थेंब थेंब पाणी घालायच्या. बोलायच्या फार कमी. पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकली आणि तशीच झोपून गेली. तिला झोपलेली बघून मला इतका धीर आला की मी रडले.

परवा रिक्षातून मी त्या रांगेवरून गेले. टोकाच्या दोन घरांची दुकानं झाली आहेत, आमच्या घराला शटर आहे. कोणी वर मजले चढवल्यामुळे सलग गच्ची आता राहिली नाही. रिक्षावाल्याला मी थांब म्हटलं आणि मग उतरलेच नाही. अजूनही त्या ओट्यावर पाय ठेवायची माझी तयारी नाही. मी वाचले, हे खरं. पण वाचायच्या आधीचे ते दिवसही खरेच होते.

त्या वर्षी हळूहळू माझ्या खपल्या गळायला लागल्या, डोळे उघडले, उजेड सोसायला लागला. त्या दुपारी जमनाबाईंनी आईकडे काठी मागितली आणि धापूबाईंच्या नवऱ्याला हाक मारून गच्चीवर घेऊन गेल्या. वरून दगड सरकल्याचा आवाज आला. माझ्या अंगावर चुन्याची भुकटी पडली आणि एकदम छतातून उजेडाचा एक चौकोन खोलीच्या मधोमध उतरला. त्या खोलीला झरोका होता! आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. जमनाबाई खाली आल्या, केस चुन्यानं पांढरे झालेले. आईनं विचारलं, हा बंद कोणी केला होता? त्या म्हणाल्या, मीच. लछमीच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. नंतर उघडायचा राहिला.

अशा रीतीनं मला तिचं नाव कळलं. ते ऐकून काही झालं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलीचं नाव होतं ते.

मी जमनाबाईंना विचारलं, तिला भीती वाटायची का या खोलीची? मला का विचारावंसं वाटलं, सांगता येत नाही. आईनं डोळे मोठे केले, पण जमनाबाई शांतपणे बोलत राहिल्या. त्या उजेडाच्या चौकोनात हात पसरून बसल्या होत्या, थंडीत शेकत बसतात तशा. म्हणाल्या, फार वाटायची. आम्ही आलो तेव्हा चुलीवर दुसऱ्यांची भांडी होती. भिंतीवर दुसऱ्या मुलीची अक्षरं होती. लछमी अंथरुणाच्या काठावर झोपायची. म्हणायची, ती मुलगी परत येईल आणि तिची जागा मागेल.

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती पदरानं तोंड पुसत होती.

भिंतीपलीकडे धापूबाई काहीतरी कुटत होत्या. मग आईनं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, तुमचं तिकडचं घर कसं होतं? मला मध्ये घातलं नाही, स्वतःच विचारलं. जमनाबाई सांगू लागल्या. सिंधमध्ये सक्खरला, नदीजवळ. अंगणात बोरीचं झाड. दोन मोठ्या खोल्या आणि एक लहान, तिच्यात धान्य ठेवायचो. दुपारी ती गार असायची, म्हणून लछमी तिथेच खेळायची, कोळशानं भिंतीवर माणसं काढायची. घाईत निघालो, ती माणसं पुसायची राहिली. आता तिथे कोणीतरी राहत असेल. त्यांनाही मुलं असतील.

पुढचं त्या आईशी बोलल्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

"अदी, वहाँ भी कोई लड़की होगी, जो उस कोठरी में जाने से डरती होगी. कोई उसे बता दे, वहाँ कुछ नहीं है. मेरी बेटी वहाँ खेलती थी, बस."